तराजूत बसलेले आजोबा

प्रश्न: आम्ही बरीच वर्षे परदेशात राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या वर्गमैत्रिणीने सांगितले की, शेवटच्या दिवशी येशू सगळ्यांचा न्याय करील आणि जे त्याला मानत नाहीत ते नरकाच्या आगीत जातील. माझे वडील गेल्या वर्षी वारले. हे ऐकल्यापासून मुलगी रात्री धड झोपत नाही. तिच्या वहीत एक चित्र सापडले, त्यात हवेत लटकणारा मोठा तराजू आहे, एका पारड्यात आजोबा बसले आहेत आणि दुसरे पारडे रिकामे आहे. “असे काही नसते,” असे मी म्हणाले, तर तिने विचारले, “तुला कसे माहीत?” यजमान म्हणतात, ती मैत्रीच नको. मी तिला काय सांगावे?

उत्तर: आपल्या मुलीचा प्रतिप्रश्न चोख आहे, आणि त्याला “असे काही नसते” हे उत्तर पुरणार नाही. “सगळे धर्म शेवटी एकच सांगतात” हे आपले नेहमीचे ठेवणीतले वाक्यही येथे वापरू नये, कारण या बाबतीत ते खरे नाही आणि नऊ वर्षांच्या मुलीला ते लवकरच कळेल. तिच्या मैत्रिणीने काही मनाने रचून सांगितलेले नाही. येशू जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास पुन्हा येईल, हे वाक्य इसवी सन ३२५ च्या निकाया येथील धर्मसभेच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, आहे, आणि ३८१ च्या सभेशी जोडलेल्या त्याच्या विस्तृत रूपात ते आजही असंख्य चर्चमध्ये उपासनेच्या वेळी म्हटले जाते. म्हणून आधी ही श्रद्धा नेमके काय म्हणते ते आपण समजून घ्यावे, म्हणजे मुलीशी बोलताना पायाखाली जमीन राहील.

आपल्या मनात ‘न्याय’ आणि ‘परलोक’ हे शब्द एकत्र आले की चित्रगुप्ताची वही उघडते. जमा, खर्च, आणि उरलेली बाकी पुढच्या जन्मी. ख्रिस्ती श्रद्धेत पुढचा जन्म नाही. माणसाने एकदा मरावे व त्यानंतर न्याय, असे बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते. वह्या मात्र तेथेही आहेत. बायबलमधील शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, विसाव्या अध्यायात पुस्तके उघडली जातात आणि मेलेल्यांचा न्याय त्यांच्या कृत्यांप्रमाणे होतो; पण त्या पुस्तकांच्या शेजारी आणखी एक पुस्तक उघडले जाते, ते जीवनाचे, आणि त्यात कृत्ये नसून नावे लिहिलेली आहेत. शिवाय कर्माचे फळ जसे बीजातून रोप यावे तसे आपोआप येते, तसे येथे घडत नाही. येथे न्याय करणारा कोणीतरी आहे, आणि तो स्वतः एकदा आरोपी म्हणून उभा राहिलेला आहे. पंतय पिलात या रोमी सुभेदारासमोर त्याचा खटला चालला, दोष सापडला नाही असे सुभेदार स्वतः म्हणाला, आणि तरीही त्याला वधस्तंभावर देण्यात आले. चुकीचा निकाल कसा लागतो हे स्वतःच्या अंगावर सोसलेला न्यायाधीश, ही या श्रद्धेतील सर्वांत वेगळी गोष्ट आहे, आणि नरकाच्या आगीच्या गदारोळात नेमकी तीच मुलांपर्यंत पोचत नाही.

आता तराजू. मध्ययुगातील युरोपीय चित्रांत देवदूत मिखाएल हातात तराजू घेऊन आत्मे तोलताना दिसतो, आणि मुलीने तसेच काही कोठे तरी पाहिले असावे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधील येशूच्या एका चरित्राच्या, पंचविसाव्या अध्यायात येशूने स्वतः न्यायाचे जे दृश्य रंगवले आहे, त्यात तराजू नाही. तेथे मेंढपाळ आहे, तो शेरडांपासून मेंढरे वेगळी करतो. आपला ‘निवाडा’ हा शब्द ‘निवडणे’च्या कुळातला आहे आणि शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेत न्यायासाठी असलेल्या शब्दाच्या मुळाशीही वेगळे करणे हाच अर्थ आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे दृश्य समजायला फार सायास पडू नयेत. मेंढरे कशावरून ओळखली जातात, तर भुकेल्याला खायला दिले, तान्हेल्याला पाणी दिले, परक्याला घरात घेतले, उघड्याला वस्त्र दिले, आजाऱ्याची विचारपूस केली, कैदेतल्या माणसाला भेटले, एवढ्यावरून. त्यातही विशेष असे की उजवीकडची माणसे चकित होतात आणि विचारतात, “प्रभो, आम्ही तुला कधी पाहिले?” डावीकडची माणसेही तोच प्रश्न करतात. राजा उत्तर देतो की, माझ्या या कनिष्ठ बंधूंपैकी एकासाठी जे केले ते माझ्यासाठी केले. आपण कोणासाठी काही करत आहोत हे ज्यांना ठाऊकही नव्हते, ती माणसे येथे उजवीकडे उभी आहेत. हा उतारा मुलीबरोबर बसून वाचण्यासारखा आहे, मात्र त्याचा शेवट सार्वकालिक शिक्षेने होतो, आणि तो भाग गाळून वाचू नये. मुलांना गाळलेली जागा बरोबर सापडते.

न्यायाचा दिवस म्हटले की आपल्याला फक्त धाक आठवतो. बायबलमधील स्तोत्रे मात्र त्या दिवसाची वाट पाहतात. शहाण्णवाव्या स्तोत्रात रानातली झाडे आनंदाने गातात आणि अठ्ठ्याण्णवाव्यात नद्या टाळ्या वाजवतात, आणि कारण एकच दिले आहे की, देव पृथ्वीचा न्याय करायला येत आहे. निकालाच्या बातमीने झाडांना आनंद का व्हावा, याचे उत्तर ज्याची जमीन लुबाडली गेली आणि ज्याची फिर्याद कोणीच घेतली नाही, त्याला लगेच कळते. देवाच्या काठीला आवाज नसतो, असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याही मनात हीच आशा असते. शेवटचा न्याय नसेल तर ज्यांना येथे न्याय मिळाला नाही त्यांच्यावरचा अन्याय तसाच कायम राहिला, हे मान्य करावे लागते, आणि ते मान्य करायला ही श्रद्धा तयार नाही. बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल सांगतो की, सूड आपल्या हाती घेऊ नका, तो देवावर सोपवा. हे सोपवणे शक्य होते ते कोणी तरी न्याय करणार आहे म्हणूनच. मला स्वतःला या विषयातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि मोठ्या माणसांनी तरी तो समजून घेतल्याशिवाय नरकावर वाद घालू नये.

आता खरा प्रश्न: आजोबांचे काय? येथे ख्रिस्ती लोकांत एकमत नाही, आणि हे मुलीला मोकळेपणाने सांगावे. येशूवर विश्वास न ठेवता मरणारे तारणाला, म्हणजे उद्धाराला, मुकतात, असे शिकवणारी चर्च आहेत, त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा आधार आहे, आणि मैत्रिणीचे घर बहुधा त्यांतले आहे. त्याच पौलाने मात्र असेही लिहिले आहे की, ज्यांना नियमशास्त्र, म्हणजे यहुद्यांना मिळालेले देवाचे नियम, मिळाले नाही त्यांच्या अंतःकरणावर ते लिहिलेले असते आणि त्यांची सद्सद्विवेकबुद्धी साक्ष देते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६४ मध्ये मांडले की, स्वतःच्या दोषाविना ज्यांना शुभवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि आपल्या विवेकाप्रमाणे वागू पाहतात, त्यांनाही तारण मिळू शकते. चौथ्या शतकातील बिशप निस्साचे ग्रेगरी तर शेवटी सर्वांचाच उद्धार होईल अशी आशा बाळगत होते. हे मत पुढे चर्चने सर्वसाधारणपणे स्वीकारले नाही, तरी ग्रेगरी संतच मानले जातात. आणखी एक गोष्ट मुलीला सांगण्याजोगी आहे. कॅथलिक चर्च अमुक माणूस स्वर्गात आहे असे जाहीर करते, त्यालाच संतपद म्हणतात. पण अमुक माणूस नरकात आहे, असे त्याने कोणाही एका व्यक्तीबद्दल, येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योत या शिष्याबद्दलसुद्धा, आजवर अधिकृतपणे जाहीर केलेले नाही. मग हा निकाल वर्गातल्या बाकावर कसा लागावा?

मैत्री तोडण्याचा सल्ला मला पटत नाही. त्या मुलीने हे दुष्टपणाने सांगितले असेल असे वाटत नाही. आपल्याला हवी असलेली मैत्रीण त्या दिवशी आपल्याबरोबर नसेल, या भीतीने ती बोलली असण्याचा संभव अधिक. तिच्या आईवडिलांना भेटा आणि तक्रारीच्या सुरात बोलू नका: “आमच्या मुलीच्या आजोबांचे नुकतेच निधन झाले आहे, त्यामुळे ती घाबरली आहे, आपण आपल्या मुलीशी बोलाल का?” एवढे पुरे आहे. ते भाविक असतील तर येशूने सांगितलेला गव्हातील निदणाचा, म्हणजे तणाचा, दृष्टान्त त्यांना ठाऊक असेल. चाकर निदण उपटायला निघतात तेव्हा धनी त्यांना थांबवतो, निदणाबरोबर गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, असे सांगतो. आणि कापणीचे काम त्या चाकरांकडे दिलेलेच नाही.

मुलीला आज रात्री सांगायचे ते थोडक्यात सांगा. आजोबांबद्दल कोणालाही कळवण्यात आलेले नाही, मैत्रिणीला नाही आणि आईलाही नाही. जे लोक हा न्याय मानतात तेसुद्धा तो माणसांनी करायचा नसतो असेच मानतात. आजोबा कसे होते, कोणाच्या मदतीला धावत, कशावर रागावत, हे तिला बोलू द्या, कारण या भीतीच्या खाली बरेचसे दुःख दडलेले असण्याची शक्यता आहे. काही आठवड्यांतही झोप सुधारली नाही तर शाळेतील समुपदेशकांना भेटण्यात संकोच करू नये.

आणि ते चित्र फाडू नका. आपण लिहिता की तराजू हवेत लटकलेला आहे, म्हणजे तो धरणारा हात तिने काढलेला नाही. तो कोणाच्या हातात आहे, एवढेच तिला विचारा, आणि मैत्रिणीला विचारून येते म्हणाली तर जाऊ द्या.