पहिल्याच दिवशी माझ्यावर काऊन?

(एसटीतून निवृत्त झालेले आमचे वाहककाका खेळांबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बी.एस्सी. झाली, सध्या घरीच आहे. आम्ही मावस-चुलत भावंडं व्हॉट्सॲपवर ‘माफिया’ खेळतो. (लपलेले माफिया रात्री एकेका गावकऱ्याला टिपतात, दिवसा सगळे मतं टाकून ज्याचा संशय येईल त्याला बाहेर काढतात; सगळे माफिया बाहेर गेले तर गावकरी जिंकतात, दोन्हीकडे सारखेच उरले तर माफिया.) ९ जण, त्यात २ माफिया. खेळातला एक दिवस म्हणजे खरे २४ तास. मागच्या ५ डावांत ४ वेळा मला पहिल्याच दिवशी बाहेर काढलं. कारण काय, तर ‘ही काही बोलत नाही, हीच असन.’ चारही वेळा मी साधी गावकरी होते. आमच्याकडे रेंज स्लॅबवर चढल्याशिवाय येत नाही, आणि दिवसभर स्लॅबवर बसू दिलं तर आई कसली! काय करू?

उत्तर : पोरी, ३ वेळा तोंडघशी पडूनही तुझ्या भावंडांना चौथ्यांदा तेच कारण पुरलं, मला याचंच नवल वाटतं. आधी हिशोब बघ. गावकऱ्याला स्वतःपुरतं माहीत असतं की आपण माफिया नाही. उरले ८, त्यांत माफिया २. डोळे मिटून कोणावरही बोट ठेवलं तरी चारातून एकदा बरोबर येणार. ‘गप्प आहे’ हे कारण त्या डोळे मिटण्याच्या फार पुढे जात नाही.

मी २६ वर्षं तिकिटं फाडली, त्यातली बरीचशी दारव्हा-दिग्रस फेरीवर. नवीन होतो तेव्हा खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या बाईला आधी उठवायचो. तिच्या पदराच्या गाठीतून चुरगळलेलं का होईना, तिकीट निघायचंच. आणि ज्याच्याकडे नसायचं तो मागच्या सीटवरून मला सांगायचा, “कंडक्टरसाहेब, त्या बुढ्याले इचारलं काय?” हे कळायला मला २ वर्षं लागली. तोवर किती बायांची झोप मोडली असेल कोण जाणे.

हा खेळ १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात दिमित्री दाविदोव या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने बसवला. त्याची सगळी गंमत एकाच गोष्टीत आहे : ज्यांना सगळं ठाऊक आहे असे थोडे, आणि ज्यांना काहीच ठाऊक नाही असे पुष्कळ. पहिल्या दिवशी गावकऱ्याकडे माहिती नसते, पण माफियाला कोण आपलं, कोण परकं हे पक्कं माहीत असतं. त्याला तुझ्यासारखी माणसं आवडतात. पहिलं मत तो सहसा टाकत नाही, कारण मग कारण सांगावं लागतं. दुसऱ्या कोणी टाकलं की तिसरा किंवा चौथा होऊन ‘मलाही तसंच वाटते’ एवढं लिहितो आणि जेवायला जातो. तू बाहेर गेल्यावर तुझ्या भावंडांनी ते तिसरं-चौथं मत कोणाचं होतं हे कधी वर सरकवून पाहिलं का? तिथे सगळं लिहिलेलं असतं. नाही पाहिलं, हे मी इथे बसून सांगतो.

आता तुझं काम. डाव सुरू झाला की आधीच लिहून टाक, ‘मी रात्री ८ ते ९ स्लॅबवर असते, तेव्हा बोलेन.’ हेच तू मतं पडल्यावर लिहिलंस तर कोणी मानणार नाही. मग त्या तासात सगळ्यांत आधी तूच मत टाक. कारण फुसकं असलं तरी चालेल : ‘दादा, रोज हजार मेसेज टाकतोस, आज नुसताच अंगठा काऊन?’ तुमच्या खेळात दिवस संपेपर्यंत मत मागे घेता येतं, तेव्हा त्या मताने कोणाला फाशी होत नाही. नुसतं खांद्याला बोट लावून बोलावल्यासारखं ते असतं. दादा हसतो, चिडतो, की विषय बदलून तिसऱ्याकडे ढकलतो, ते बघ. चिडला म्हणून तो माफिया ठरत नाही हं. आमच्याकडची अर्धी माणसं जन्मतःच चिडलेली असतात. पण त्याला वाचवायला कोण धावलं, ते मात्र वहीत टिपून ठेव.

आणि तुझ्यावर मतं पडली तर ‘मी नाही, खरंच नाही’ असं लिहू नकोस. ते माफियाही लिहितो. त्याऐवजी कोणी कितव्या नंबरला मत दिलं आणि काय कारण सांगितलं, एवढं ओळीने मांड. जायचंच असेल तर मागच्यांना वाचायला काहीतरी ठेवून जा.

प्रश्न : आम्ही मानोरा तालुक्यातले ८ मित्रही माफिया खेळतो. माझं म्हणणं, पहिल्या दिवशी माहितीच नाही तर कोणालाच काढू नये. ‘अमंग अस’ या मोबाइलवरच्या तशाच खेळात तर सगळे ‘स्किप, स्किप’ ओरडतात, म्हणजे कोणालाच काढू नका. बाकीचे मला भित्रा म्हणतात. कोण बरोबर?

उत्तर : ८ जण असाल तर तू बरोबर आहेस, ९ असते तर ते बरोबर होते. मी ओट्यावर तुरीचे दाणे मांडून मोजलं. माफियासाठी सरकीचे २ दाणे. दिवसा एक चुकीचा माणूस गेला, रात्री माफियाने एक टिपला, म्हणजे एका चुकीला २ तुरी. (काही डावांत रात्री एकाला वाचवू शकणारा ‘डॉक्टर’ असतो; त्याने कोणाला वाचवलं तर हिशोब बदलतो.) ८ जणांत ६ तुरी. २ चुका होईपर्यंत तुरी आणि सरकी २-२ होतात, आणि डाव गेला. आता पहिल्या दिवशी कोणालाच काढलं नाही, तर रात्री एक जाऊन ७ उरतात. तिथूनही २ चुकांनीच हरता. म्हणजे थांबून काही गेलं नाही, वर रात्री कोण मारला गेला एवढी माहिती फुकट मिळाली. पण ९ असतील तर हरायला ३ चुका लागतात, आणि पहिला दिवस सोडलात तर २ पुरतात. तिथे थांबणं म्हणजे हातातली एक संधी नाल्यात टाकणं.

मात्र थांबायचं ठरलं म्हणून दिवसभर गप्प राहू नका. मतं टाका, भांडा, शेवटी मागे घ्या. नाहीतर दुसऱ्या दिवशीही पाटी कोरीच.

‘अमंग अस’चं इथे लावू नकोस. २०१८ चा तो खेळ २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या भाचीने मला शिकवला. तिथे गावकऱ्यांनी आपली कामं पुरी केली तरी ते जिंकतात, कोणाला बाहेर न काढताही. म्हणून सुरुवातीला स्किप परवडतं. शिवाय तिथे दिलेलं मत परत घेता येत नाही. माझं बोट जाड. स्किप दाबायला गेलो आणि भाचीच्याच नावावर मत पडलं, कायमचं. माफियात गावकऱ्याचं दिवसाचं हत्यार एकच, मत. कामं करून जिंकायची सोय नाही.

प्रश्न : पहिल्या दिवशी सहज मामांवर मत टाकलं, बाकीच्यांनीही टाकलं, मामा बाहेर. आता ३ दिवस झाले, फोन उचलत नाहीत. — एक भाचा, आर्णी तालुका

उत्तर : फोन करू नकोस, गाडी काढून जा. पुढच्या डावात मामांना सूत्रधार, म्हणजे स्वतः न खेळता डाव चालवणारा कर. त्यांना कोणी बाहेर काढू शकत नाही आणि रात्री सगळ्यांची गुपितं त्यांच्याच कानात. हा मान मामांना पुरेल. पण बाप्पा, एवढं पत्र लिहिलंस आणि मुख्य गोष्ट राहिलीच : मामा निघाले कोण, गावकरी की माफिया?