नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेस

नोंदणी झाली आणि पुण्यातल्या चांगल्या रुग्णालयात नेमणूक मिळाली, म्हणजे शिक्षण संपले असे कृपया समजू नका. आम्हाला हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठी आधी श्वासमार्ग, मग श्वास आणि शेवटी छातीवर दाब हा क्रम शिकवला होता. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने छातीवरील दाब प्रथम आणला, तरी पुढे एका रात्रपाळीत माझा हात सवयीने श्वास देण्याच्या अंबू बॅगकडेच गेला आणि "सिस्टर, आधी कॉम्प्रेशन" असे म्हणून एका कनिष्ठ मुलीने मला सावरले. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढांत किमान ५ सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे वाचून येत नाही. सरावाच्या पुतळ्यावर घाम गाळल्यावरच ते हातात बसते आणि सराव सुटला की काही महिन्यांतच निसटू लागते. म्हणून अशा सरावाच्या कार्यशाळेची नोटीस लागली की नाव लगेच नोंदवा, मग सुट्टीच्या दिवशी हडपसरहून शिवाजीनगरची पीएमपी बस पकडावी लागली तरी चालेल. केवळ हजेरीच्या क्रेडिट गुणांसाठी सही करून (समोसा मात्र न चुकता खाऊन) निघून जाणारेही तिथे भेटतील. तुम्ही पुतळ्याजवळ थांबा आणि दोनदा पाळी मागून घ्या.