मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बिशप होण्यासाठी उच्च कुळातील जन्म कितपत उपयोगी पडत असे?

बराच उपयोगी पडत असे, मात्र सर्वस्वी नव्हे, हे विंचेस्टरचे बिशप ब्लवाचे हेन्री यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. इंग्लंड जिंकणारा राजा विजेता विल्यम याचे नातू असलेल्या आणि फ्रान्समधील क्लूनीच्या मठात वाढलेल्या हेन्रींना मामांनी, म्हणजे राजा पहिला हेन्री याने, 1126 मध्ये ग्लॅस्टनबरीचे मठाधिपत्य आणि 1129 मध्ये विंचेस्टरचे बिशपपद दिले. ही दोन्ही श्रीमंत पदे त्यांनी 1171 मध्ये मृत्यू होईपर्यंत सोडली नाहीत.

1135 मध्ये भाऊ स्टीफन राजा झाला, त्यामागेही त्यांचीच खटपट होती. तरीही 1138 मध्ये इंग्लंडमधील सर्वोच्च धर्मपद, म्हणजे कँटरबरीचे आर्चबिशपपद, हेन्रींना न मिळता थिओबाल्ड नावाच्या मठाधिपतींकडे गेले. पुढच्याच वर्षी पोपचे प्रतिनिधी झालेल्या हेन्रींनी, बिशपांना अटक केल्याबद्दल सख्ख्या भावालाच धर्मसभेपुढे जाब विचारला. 1141 मध्ये स्टीफन कैद होताच ते गादीवर हक्क सांगणाऱ्या, पहिल्या हेन्रीच्या मुलीच्या, म्हणजे माटिल्डाच्या पक्षाला मिळाले आणि काही महिन्यांतच स्टीफनच्या बाजूला परतले. याला तत्त्वनिष्ठा म्हणणे कठीण आहे.

त्यांची रसिकता मात्र अस्सल होती. रोममध्ये लांब दाढी राखून हिंडणाऱ्या या धर्मगुरूंनी प्राचीन रोमन मूर्ती विकत घेऊन विंचेस्टरला पाठवल्या, याची समकालीनांनी थट्टाही केली. तेरा गरिबांसाठी त्यांनी स्थापन केलेल्या सेंट क्रॉस या आश्रमात वाटसरूंना पाव आणि बिअर देण्याची प्रथा आजही चालू आहे.