सीएनजी पिकअपचे स्पार्क प्लग गाडी मिसिंग करेपर्यंत (म्हणजे ठिणगी चुकून इंजिन झटके देईपर्यंत) चालवले तर चालतात का? (तासगाव ते पुणे, द्राक्षांची वाहतूक)

नाही, मिसिंगची वाट बघू नका; मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला प्लग बदलूनच टाका. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लगचं टोक झिजून गॅप वाढला की सगळा ताण इग्निशन कॉइलवर (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणाऱ्या भागावर) येतो, आणि कॉइल प्लगपेक्षा कितीतरी महाग. रिकामी गाडी कुरकुर करत नाही, पेट्या भरून चढाला लागली की झटके देते, म्हणून लवकर कळतही नाही. बदलताना सगळे एकदम बदला, निकेलच्या टोकाच्या प्लगांच्या जागी इरिडियमचे असतील तर मुदत वेगळी. मात्र एअर फिल्टर आणि ऑइल मॅन्युअलच्या आधीच बघा: मळ्यातली धूळ आणि कायम भरलेली गाडी म्हणजे साधा वापर नव्हे. (पिकअप डिझेल असेल तर प्रश्नच मिटला, तिला स्पार्क प्लग नसतात.)