बादलीने आंघोळ केल्यास शॉवरपेक्षा खरोखर पाणी वाचते का?

बहुधा वाचते, पण शॉवर किती वेळ सुरू राहतो यावर ते अवलंबून आहे. आंघोळीची बादली साधारण १५ ते २० लिटरची असते. शॉवरमधून मात्र मिनिटाला ८ ते १२ लिटर पाणी सहज पडते, म्हणजे दोन मिनिटांत बादलीभर आणि दहा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास. भारतीय मानकात माणशी रोजच्या १३५ लिटरपैकी ५५ लिटर आंघोळीसाठी धरलेले आहेत, जे मला सढळच वाटतात. आपल्या शॉवरचा नेमका हिशेब हवा असल्यास त्याखाली बादली ठेवून ती भरायला लागणारा वेळ मोजावा. गीझरचे गरम पाणी येईपर्यंत वाहून जाणारे गार पाणीही त्यात धरावे, कारण गीझर लांब असेल तर तेही थोडेथोडके नसते. साबण लावताना शॉवर बंद ठेवून एकूण दोन मिनिटांत आटोपणाऱ्याला बादलीचा आग्रह धरण्याचे कारण नाही.