कंट्रोल हबला बाहेरचा बीएनओ०५५ जोडताना

प्रश्न असा आहे: एफटीसीच्या (विद्यार्थ्यांची रोबोट स्पर्धा) रोबोटवर रेव्ह कंट्रोल हबच्या (रोबोटचा मुख्य नियंत्रक) आय-टू-सी पोर्ट ० ला ॲडाफ्रूटचा बीएनओ०५५ (रोबोट किती वळला ते सांगणारा सेन्सर) जोडला, तर तो सुरूच होत नाही. एकदा झाला, तर थोडंसं वळायच्या जागी रोबोट जवळजवळ पूर्ण गिरकी घेऊन आला. या दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली बसची, म्हणजे सेन्सर ज्या तारांवरून हबशी बोलतात त्यांची; प्रत्येक आय-टू-सी पोर्टाची बस वेगळी. हबचा आतला आयएमयू (हालचाल आणि वळण मोजणारा सेन्सर) बस ० वरच बसलेला असतो. जुन्या हबमध्ये तोही बीएनओ०५५ आहे आणि पत्ताही (बसवर सेन्सर ओळखायचा क्रमांक) तोच, हेक्स २८. नंतरच्या हबमध्ये बीएचआय२६०एपी हा वेगळा आयएमयू येतो. तुमचा हब कुठलाही असो, बाहेरचा सेन्सर पोर्ट १ वर न्या. वेगळ्या बसवर पत्ता सारखा असला तरी चालतं. बोर्डावरची एडीआर पिन ३.३ व्होल्टला जोडून पत्ता २९ करता येतो, पण मग कोडमध्येही तो बदलावा लागतो, उगाच कटकट.

जोडणी रंग पाहून करा: काळी ग्राउंड, लाल ३.३ व्होल्ट, पांढरी एसडीए (डेटा), निळी एससीएल (क्लॉक). लाल वायर बोर्डाच्या व्हीइनला. त्याला कुठून तरी ५ व्होल्ट देऊ नका, कारण बोर्डावरचे पुल-अप (डेटा-क्लॉकच्या लाइन वर ओढून धरणारे रेझिस्टर) व्हीइनला बांधलेले आहेत आणि तेच ५ व्होल्ट हबच्या ३.३ व्होल्टच्या लाइनवर जातात. बोर्डावर छोटं सॉकेट असेल तर ते १ मिमी पिचचं. हबचं २ मिमीचं. केबल थेट बसत नाही, जोडवायर करावीच लागते. ती आखूड ठेवा आणि मोटरच्या वायरींपासून लांबून न्या.

कॉन्फिगरेशनमध्ये बस १ खाली ॲडाफ्रूटचा आयएमयू घ्या, आतल्या आयएमयूची ओळ नको. नाव ‘आयएमयू’ सोडून दुसरं द्या, नाहीतर हार्डवेअर मॅपमधून (कोड ज्यातून नावाने सेन्सर शोधतो ती यादी) कुठला सेन्सर आला हेच कळत नाही. जुना बीएनओ०५५ इंटरफेस वापरत असाल तर इनिशियलाइझने परत दिलेलं ट्रू-फॉल्स टेलीमेट्रीवर (ड्रायव्हरच्या स्क्रीनवर) छापा. मोड ‘आयएमयू’ ठेवा. एनडीओएफ मोड मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा भाग) वापरतो आणि मोटरच्या चुंबकांशेजारी तो भरकटतो. इनिशियलाइझ होईपर्यंत रोबोटला हात लावू नका. बोर्ड नायलॉनच्या स्क्रूंनी घट्ट बसवा, खालची बाजू ॲल्युमिनियमला टेकू देऊ नका.

आता गिरकी. हेडिंग, म्हणजे रोबोटचं तोंड कुठल्या कोनात आहे ते, −१८० ते १८० अंशांमध्येच येतं. समजा लक्ष्य १७० आहे आणि सेन्सर −१७५ दाखवतोय. सरळ वजाबाकी केली तर फरक ३४५ येतो आणि रोबोट लांबच्या बाजूने फिरतो. फरक १८० पेक्षा जास्त असेल तर ३६० वजा करा, −१८० पेक्षा कमी असेल तर ३६० मिळवा. इथे −१५ उरतात, तेच हवे होते.

वळणाच्या लूपमध्ये हेडिंग एकदाच वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवा. बल्क रीडमध्ये (हबकडून बरीच मूल्यं एकदम वाचणं) आय-टू-सी येत नाही, त्यामुळे प्रत्येक वाचनाला वेगळा वेळ जातो; तीनदा वाचलंत तर लूप मंदावतो आणि रोबोट लक्ष्य ओलांडून जातो.

शेवटी रोबोट भिंतीला चिकटवून हेडिंग टिपा, हाताने दहा पूर्ण फेऱ्या द्या, परत भिंतीला लावा. जो फरक दिसेल त्याचा दहावा भाग म्हणजे एका फेरीतली चूक.