‘गुन्हेगारी रक्तातच असते, मग शिकायचे काय?’

सप्रेम नमस्कार,

हर्णैहून आपण पाठविलेले पत्र मिळाले. बारावी कला शाखेत असलेल्या आपल्या मुलीला गुन्हेगारीचे मानसशास्त्र शिकायचे आहे. शेजारच्या वाडीतील सतरा वर्षांचा मुलगा थोरल्या मित्रांबरोबर बोटींवरचे डिझेल चोरताना पकडला गेला, तेव्हापासून माणूस असे का वागतो हा प्रश्न तिच्या मनात घर करून बसला आहे. आपण विचारता, की गुन्हेगारी रक्तातच असते, तर त्यात शिकण्यासारखे काय आहे, आणि मुलीच्या जातीने अशा माणसांत वावरून पोट तरी भरेल का.

रक्ताचा मुद्दा आधी घेतो, कारण तो समज साधा दिसला तरी त्याने फार माणसे पोळली आहेत. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश सरकारने कित्येक भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले आणि त्यांच्यावर पोलिसांकडे नोंद व हजेरीची सक्ती केली; तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी आज विमुक्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या समाजांमागे लागलेला संशय अजून पुरता सुटलेला नाही. त्याच सुमारास, 1876 मध्ये, इटलीतील डॉक्टर चेझारे लोम्ब्रोसो यांनी कवटी, जबडा आणि कान यांच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असे मांडले. इंग्लंडमध्ये तुरुंगातील डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेऊन ती इतर माणसांशी ताडून पाहिली आणि असा वेगळा शरीरप्रकार आढळत नाही, असे 1913 मध्ये दाखवून दिले.

अनुवंशाचा वाटा अजिबात नाही, असे मात्र आजचे मानसशास्त्र म्हणत नाही. उतावळेपणा किंवा धोक्याची भीती कमी वाटणे यांसारख्या प्रवृत्तींत अनुवंश असतो. पण त्या प्रवृत्तीचा मुलगा चोर होईल की वादळी समुद्रातही डोके शांत ठेवणारा तांडेल होईल, हे घर, शाळा, सोबत आणि समोर आलेली संधी यांवर पुष्कळ अवलंबून असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये केलेली मांडणी मला येथे फार मोलाची वाटते. लहानपणापासून बेशिस्त आणि आक्रमक वागणारी, पुढेही तशीच राहणारी मुले थोडी असतात. त्यांच्याहून कितीतरी अधिक मुले केवळ पौगंडावस्थेत, मोठे झाल्याचे दाखविण्यासाठी आणि सोबत्यांच्या नादाने वाट चुकतात, आणि जबाबदारी अंगावर आली की बहुधा सावरतात. या दुसऱ्या गटातील मुलावर आपण सर्वांनी मिळून ‘चोर’ असा शिक्का मारला, तर सावरण्याची वाट आपणच बुजवितो. ज्या मुलाचे आपण लिहिले आहे तो कोणत्या गटातील आहे हे मी पत्रावरून सांगू शकत नाही, आणि आपणही इतक्यात ठरवू नये.

आणखी एक गोष्ट. ‘एवढ्या मोठ्या बोटवाल्याला दोन कॅन डिझेलने काय फरक पडतो?’ असे त्या वयाची मुले म्हणताना आपण ऐकले असेल. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा यांनी 1957 मध्ये नेमका हाच विचार टिपला: चोरी वाईट हे मुलाला ठाऊक असते, म्हणूनच ती करण्यासाठी त्याला मनाची समजूत घालावी लागते. ही समजूत कशी घातली जाते हे कळले, तर समुपदेशकाला ती सोडविण्याची वाटही सापडते. आपली मुलगी जे शिकू पाहते, त्याचा गाभा मला येथे दिसतो.

आता पोटापाण्याचे. मालिकांत दिसणारे, घटनास्थळ पाहून खुन्याचे वर्णन सांगणारे काम आपल्याकडे जवळजवळ नाही, हे तिला स्पष्ट सांगावे. खरे काम कारागृहांत, मनोरुग्णालयांत, न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळांत, जिल्हा बालसंरक्षण कक्षात आणि अल्पवयीन आरोपींची प्रकरणे चालविणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या मदतीसाठी चालते. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असल्यास 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याच्या मानसिक क्षमतेची प्राथमिक चाचपणी करावी लागते, आणि तेथे मानसशास्त्रज्ञाचे मत वजनदार ठरते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून कैद्यांच्या पुनर्वसनासाठी काम करीत आहे. तेथे स्त्रियाही सन्मानाने काम करतात. जिल्ह्याच्या ठिकाणची अनेक पदे मात्र कंत्राटी असतात आणि सुरुवातीचे मानधन बेताचे असते, हे मी लपवीत नाही.

बारावीनंतर तिने मानसशास्त्र विषय घेऊन बी. ए. करावे. दापोली किंवा रत्नागिरीच्या महाविद्यालयात हा विषय तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का, याची चौकशी करूनच प्रवेश घ्यावा. घरी राहून दूरस्थ पद्धतीने करू, असा बेत असल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 पासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले आहेत, हे ध्यानात घ्यावे. पुढे एम. ए. साठी मुंबई विद्यापीठ आहे, किंवा न्यायसहायक मानसशास्त्रासाठी गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. रुग्णांवर उपचार करायचे असतील, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळवून देणारा अभ्यासक्रमच निवडावा. या विषयात संख्याशास्त्र टाळता येत नाही आणि कला शाखेतील पुष्कळ विद्यार्थी तेथेच अडतात, म्हणून परीक्षा संपल्यावर सुट्टीतच तिने त्याची तयारी सुरू करावी. पुढचे पत्र तिने स्वतः लिहिले, तर मला अधिक नेमके सांगता येईल.

आपला स्नेहांकित,
करिअर समुपदेशक